सदुसष्ट शतांश

८ मिनिटं ४.७९ सेकंद. रिओ ऑलिंपिकमध्ये १२ ऑगस्ट २०१६ रोजी ८०० मीटर फ्रीस्टाईलच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकीने दिलेली वेळ. वय १९.

८ मिनिटं ४.१२ सेकंद. हीच शर्यत, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलचा तलाव, ३ मे २०२५. वय २८.

दोन्ही वेळा विश्वविक्रम. मधे जवळजवळ पावणेनऊ वर्षं गेली आणि फरक पडला तो सदुसष्ट शतांश सेकंदांचा.

दुसऱ्या विक्रमाची बातमी वाचली तेव्हा मी कागद-पेन घेऊन बसले. ५० मीटरच्या तलावात ८०० मीटर म्हणजे १६ लेंग्थ. सदुसष्ट शतांश त्यांच्यात वाटले तर एकेका लेंग्थच्या वाट्याला जेमतेम चार शतांश येतात. ती ज्या वेगाने पोहते त्या वेगात ०.६७ सेकंदात शरीर साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर पुढे सरकतं. पूर्ण ताणलेल्या हाताहून थोडंसंच जास्त. आणि हे थोडंसं कमवायला आयुष्यातली सगळ्यात ताकदीची वर्षं लागली.

लेडेकीबद्दल लिहिताना बहुतेक जण पदकांच्या गणतीपासून सुरुवात करतात. तीही सांगून टाकते. ऑलिंपिकची १४ पदकं, त्यांत ९ सुवर्ण. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांमधली २३ सुवर्णपदकं. अमेरिकेच्या कुठल्याही महिला खेळाडूकडे ऑलिंपिकची इतकी पदकं नाहीत, आणि ९ सुवर्णपदकं मिळवून तिने सोव्हिएत जिम्नॅस्ट लॅरिसा लॅटिनिनाची बरोबरी केली आहे. हे सगळं मोठंच आहे. पण मला ओढ आहे ती रिओ आणि फोर्ट लॉडरडेल यांच्या मधल्या वर्षांची, म्हणजे घड्याळ तिला काहीच देत नव्हतं त्या वर्षांची. रिओची लेडेकी पाहून मी थक्क झाले होते. तिच्याविषयी आदर वाटू लागला तो नंतर.

सुरुवात मात्र लंडनपासून करायला हवी. ३ ऑगस्ट २०१२. ८०० मीटरची अंतिम शर्यत, आणि प्रेक्षागृहातले बहुतेक सगळे रेबेका अॅडलिंग्टनसाठी आलेले. ती ब्रिटनची लाडकी, बीजिंगची विजेती, ८:१४.१० चा विश्वविक्रम तिच्याच नावावर. शेजारच्या लेनमध्ये कोण आहे याची फारशी कुणाला फिकीर नव्हती. तिथे होती अमेरिकेच्या संघातली वयाने सगळ्यात लहान खेळाडू, मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथल्या शाळेत जाणारी १५ वर्षांची मुलगी. तिने पहिल्या काही लेंग्थमध्येच आघाडी घेतली. लांबच्या शर्यतीत नवखी पोरं असं करतात आणि पुढे त्याची किंमत मोजतात, म्हणून जाणकार ती कधी ढेपाळते याची वाट पाहत होते. ती ढेपाळलीच नाही. बहुतेक शर्यत विश्वविक्रमाच्या गतीने पोहून ती ८:१४.६३ मध्ये भिंतीला टेकली. दुसरी आलेली स्पेनची मिरेया बेलमाँटे चार सेकंद मागे होती, अॅडलिंग्टन तिसरी.

त्या वेळेने जॅनेट इव्हान्सचा ८:१६.२२ हा अमेरिकी विक्रम मोडला. तो १९८९ चा होता, लेडेकीच्या जन्माच्याही आधीचा.

तिचा स्ट्रोक पहिल्यांदा पाहणाऱ्याला जरा विचित्र वाटतो. दोन्ही हातांची लय सारखी नसते. एका बाजूला ती किंचित जास्त वेळ रेलते, दुसरा हात झटकन येतो, आणि शरीर घोड्याच्या दौडीसारखं उसळत पुढे जातं. इंग्रजीत या ढंगाला 'गॅलप'च म्हणतात. मायकेल फेल्प्सही असंच पोहायचा, पण लांब अंतरासाठी मुलींना हे जमणार नाही, दमछाक होईल, असा समज होता. तिचे त्या वेळचे प्रशिक्षक युरी सुगियामा यांनी ती लहान असतानाच तिला या स्ट्रोककडे वळवलं. प्रत्येक चक्रात ती एकाच बाजूला श्वास घेते. डोकं मात्र हलत नाही. २०२० मध्ये एका दुधाच्या जाहिरातमोहिमेसाठी तिने डोक्यावर चॉकलेट दुधाचा ग्लास ठेवून तलावाची पूर्ण लांबी पार केली होती. तोंडात स्नॉर्केल, त्यामुळे मान वळवायची गरज नाही. तेवढा अपवाद वगळला तर हात चालू आहेत, पाय चालू आहेत, शरीर दोन्ही बाजूंना वळतं आहे, आणि दूध काठाशी डुचमळत असूनही सांडत नाही. तो व्हिडिओ लोकांनी गंमत म्हणून पाहिला. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला तो तिच्या मानेसाठी. मान आणि पाठ एका रेषेत इतकी स्थिर राहिली की पाणी अडवायला समोर काही उरतच नाही.

मी स्वतः लांब अंतर पोहते. स्पर्धेत नाही, माझी मी. त्यामुळे ८०० मीटरचा तिसरा चतुर्थांश काय असतो हे शरीराने ओळखीचं आहे. पहिल्या २०० मीटरमध्ये पाणी हलकं लागतं. दुसऱ्या २०० मध्ये लय सापडते. शेवटच्या २०० मध्ये भिंत जवळ आल्याचं कळतं आणि कुठून तरी ताकद येते. पण ४०० ते ६०० हा टप्पा सगळ्यांत वाईट. सुरुवात फार मागे गेलेली असते, शेवट दिसत नसतो, कोपर खाली पडायला लागतं, टर्न घेताना पाय भिंतीवर नुसते टेकतात, ढकलत नाहीत. शर्यतींच्या स्प्लिटचे, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळांचे, तक्ते पाहिले तर भल्याभल्यांचे आकडे इथेच फुगलेले दिसतात. लेडेकीचे तक्ते मी छंद म्हणून वाचते, आणि माझी नजर आधी तिथे जाते. ८:०४.१२ म्हणजे सरासरी ३०.२६ सेकंदांना एक लेंग्थ. अशा लागोपाठ १६. टीव्हीवाले नेमके याच टप्प्यात जाहिराती दाखवतात याचा मला दरवेळी राग येतो. १५०० मीटरच्या शर्यतीत तर ते जातात आणि परत येईपर्यंत सहा-सात लेंग्थ होऊन गेलेल्या असतात. त्यांना वाटतं मधे काही घडत नाही. खरी शर्यत तिथेच घडत असते.

लंडननंतरची चार वर्षं म्हणजे नुसती चढण. २०१३ मध्ये बार्सिलोनाला जागतिक स्पर्धेत १५०० मीटरमध्ये डेन्मार्कच्या लॉटे फ्रिसने जवळजवळ सगळी शर्यत आघाडी ठेवली. लेडेकी तिच्या खांद्याला खांदा लावून पोहत राहिली आणि शेवटच्या काही लेंग्थमध्ये निसटून गेली. १५:३६.५३, विश्वविक्रम. फ्रिसही जुन्या विक्रमापेक्षा वेगात पोहली होती. २०१५ मध्ये कझानला जे झालं ते तर सांगूनही खरं वाटत नाही. १५०० मीटरची प्राथमिक फेरी सकाळी, आणि पुढे आठवडाभर शर्यती असल्यामुळे प्रशिक्षक ब्रूस जेमेल यांनी तिला सांगितलं होतं: पहिले ९०० मीटर आरामात, पुढचे ३०० हळूहळू वेग वाढवत, शेवटचे ३०० तुला वाटेल तसे. तिने सांगितल्याप्रमाणे केलं आणि विश्वविक्रम झाला. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत तो पुन्हा मोडला, आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या तासात ती २०० मीटरच्या उपांत्य फेरीसाठी पुन्हा ब्लॉकवर उभी होती. त्या स्पर्धेत तिने २००, ४००, ८०० आणि १५०० या चारही शर्यती जिंकल्या.

जेमेल मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. २०१३ च्या हंगामानंतर त्यांनी आणि तिने रिओसाठी दोन आकडे ठरवले. ४०० मीटर ३:५६ मध्ये, ८०० मीटर ८:०५ मध्ये. तेव्हा तिची ८०० ची वेळ ८:१३.८६ होती, म्हणजे विश्वविक्रम हातात असताना त्यातून आणखी जवळजवळ नऊ सेकंद काढायचे होते. हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. तिने आपल्या पुलबॉयवर, म्हणजे सरावात पाय तरंगते ठेवायला मांड्यांमध्ये धरायच्या फोमच्या तुकड्यावर, ५६५ असा आकडा लिहून ठेवला. ५६ आणि ५. शेजारच्या लेनमधल्यांना त्याचा अर्थ कळत नव्हता. तीन वर्षं हा आकडा रोज तिच्यासोबत पाण्यात होता. रिओमध्ये तिने ४०० मीटर ३:५६.४६ मध्ये आणि ८०० मीटर ८:०४.७९ मध्ये संपवलं. ८०० मध्ये दुसरी आलेली ब्रिटनची जॅझ कार्लिन ११.३८ सेकंद मागे होती. कॅमेऱ्याच्या चौकटीत लेडेकी एकटीच, आजूबाजूच्या सगळ्या लेन रिकाम्या. पदक गळ्यात पडलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. जेमेल यांच्यासोबतची ती शेवटची शर्यत होती. तिथून ती घर सोडून स्टॅनफर्ड विद्यापीठात जाणार होती.

इथे थोडं थांबते, कारण एक गोष्ट मला फार खुपते.

रिओपर्यंत तिची सगळ्यात जबरदस्त शर्यत, १५०० मीटर, ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी नव्हतीच. पुरुषांसाठी ती १९०८ पासून होती. महिलांना ऑलिंपिकच्या पाण्यात उतरू दिलं १९१२ मध्ये, तेही १०० मीटर आणि रिलेपुरतं. ८०० मीटर मिळायला १९६८ उजाडलं. महिलांचे १५०० मीटरचे विक्रम १९२० च्या दशकापासून नोंदले जात होते, २००१ पासून ही शर्यत जागतिक स्पर्धेत होती, बायका ती पोहत होत्या, जिंकत होत्या, विक्रम करत होत्या. तरी ऑलिंपिकचं दार उघडलं ते टोकियोत. निर्णय २०१७ मध्ये झाला. म्हणजे लंडन आणि रिओ या दोन ऑलिंपिकमध्ये तिच्या हक्काची शर्यत कार्यक्रमपत्रिकेतच नव्हती. रिओच्या वेळी तर तिच्या जवळपासही कुणी नव्हतं. दोन सुवर्णपदकं गेली असं मी म्हणत नाही, शर्यत झाल्याशिवाय पदक कुणाचं ते ठरत नाही. पण शर्यत गेली, हे नक्की.

या उशिराचा संबंध मला आणखी एका गोष्टीशी दिसतो. लांब अंतर पोहणाऱ्या मुली पंधरा-सोळाव्या वर्षी फुलतात आणि विशीच्या आत कोमेजतात, असं कित्येक दशकं मानलं गेलं. उदाहरणंही तशीच समोर होती. डेबी मेयरने १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत २००, ४०० आणि ८०० मीटर, तिन्ही जिंकलं. वय १६. पुढचं ऑलिंपिक यायच्या आतच ती निवृत्त झाली होती. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणारी तिच्यानंतरची पहिली बाई म्हणजे रिओमधली लेडेकी. ऑस्ट्रेलियाच्या शेन गूल्डकडे १०० पासून १५०० मीटरपर्यंतचे फ्रीस्टाईलचे सगळे विश्वविक्रम एकाच वेळी होते. म्युनिकला तिने तीन सुवर्णपदकं जिंकली आणि १६ व्या वर्षी स्पर्धा सोडली. शरीर थकलं म्हणून? मला पटत नाही. हौशी खेळाडूला पैसे घेता येत नव्हते. मुलींसाठी अमेरिकेतल्या महाविद्यालयांत खेळाच्या शिष्यवृत्त्या जवळजवळ नव्हत्या, शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणारा 'टायटल नाइन' कायदा आला तोच १९७२ मध्ये. शाळा संपली की पोहून पोट कसं भरायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग सोळा-अठराव्या वर्षी पोरी थांबल्या, आणि लोक म्हणाले की मुलींचं असंच असतं.

जॅनेट इव्हान्सची गोष्ट जरा वेगळी, आणि मला जास्त चटका लावणारी. ती थांबली नाही. १९८८ मध्ये सोलला तीन सुवर्णपदकं, वय १७. पुढच्या वर्षी ८:१६.२२, जो विश्वविक्रम म्हणून तब्बल १९ वर्षं टिकला. महाविद्यालयीन खेळ चालवणाऱ्या एनसीएएने आठवड्याच्या सरावाच्या तासांवर मर्यादा घातली तेव्हा तिने स्टॅनफर्डचा संघ सोडला, कारण तिला जास्त पोहायचं होतं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला ८०० जिंकली, पुढच्या अटलांटाला पदक मिळालं नाही. इतकं सगळं करूनही १८ व्या वाढदिवसाआधी केलेली ती वेळ तिला पुन्हा कधी गाठता आली नाही. ४०० ची नाही, १५०० ची नाही. अॅडलिंग्टनने विक्रम मोडेपर्यंत सगळं जग जसं जॅनेटच्या त्या आकड्यांचा पाठलाग करत होतं, तसा खुद्द जॅनेटनेही तो केला होता, आणि तिलाही ते सापडले नव्हते.

म्हणूनच रिओनंतर लेडेकीचं काय होईल याची मला धाकधूक होती.

२०१७ मध्ये बुडापेस्टला २०० मीटरमध्ये इटलीच्या फेडेरिका पेलेग्रिनीने तिला हरवलं. मोठ्या स्पर्धेच्या वैयक्तिक अंतिम फेरीत तिची ही पहिलीच हार. २०१८ च्या मे महिन्यात तिने १५०० चा विक्रम १५:२०.४८ वर नेला, स्वतःच्याच जुन्या वेळेहून पाच सेकंदांनी कमी. मला वाटलं, चला, चढण चालू आहे. मग आलं २०१९, ग्वांगजू. ४०० मीटरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या १८ वर्षांच्या एरियार्न टिटमसने शेवटच्या लेंग्थमध्ये तिला मागे टाकलं. पाठोपाठ आजारपण. तिला १५०० ची अंतिम फेरी आणि २०० मीटर दोन्ही सोडावं लागलं. आठवड्याच्या शेवटी ती ८०० साठी परत आली. अंगात त्राण नसल्याचं दिसत होतं. शेवटच्या ५० मीटरपर्यंत इटलीची सिमोना क्वाडारेला पुढे होती. मग लेडेकीने काय केलं ते तिचं तिलाच माहीत, पण ती जिंकली, ८:१३.५८ मध्ये. रिओच्या वेळेपेक्षा जवळजवळ नऊ सेकंद जास्त. वेळ म्हणून पाहिली तर तिच्या यादीत ती खाली कुठेतरी असेल. मला विचाराल तर ती तिची सगळ्यात मोठी शर्यत.

त्यानंतर महामारी आली. तलाव बंद. एका कुटुंबाच्या घरामागच्या दोन लेनच्या छोट्या तलावात ती आणि सिमोन मॅन्युएल सराव करत राहिल्या. टोकियो वर्षभर पुढे गेलं. तिथे ४०० मध्ये टिटमसने पुन्हा हरवलं. ती शर्यत अप्रतिम होती, लेडेकी ३:५७.३६ पोहली, जी तिची रिओनंतरची सर्वोत्तम वेळ होती, आणि तरी रौप्य. २८ जुलैला २०० मीटरमध्ये ती पाचवी आली. ऑलिंपिकच्या वैयक्तिक शर्यतीत पदकाविना राहण्याची ही तिची पहिलीच वेळ. साधारण तासाभरानंतर महिलांच्या इतिहासातली ऑलिंपिक १५०० मीटरची पहिली अंतिम शर्यत होती. तो तास तिने कसा काढला असेल याचा मी खूप विचार केला आहे. पाचवं येऊन बाहेर पडायचं, सरावाच्या तलावात पाय मोकळे करायचे, श्वास जागेवर आणायचा, आणि ३० लेंग्थसाठी पुन्हा उभं राहायचं. ती १५:३७.३४ मध्ये जिंकली. भिंतीला हात लावल्यावर ती एरवी कधी ओरडत नाही. त्या दिवशी ओरडली.

तिला 'पॉट्स' नावाचा विकार असल्याचं तिने २०२४ मध्ये स्वतःहून जाहीर केलं. निदान २०१५ मध्येच झालं होतं. उभं राहिल्यावर हृदयाचे ठोके एकाएकी वाढतात, गरगरतं, थकवा येतो. कझानचा पराक्रम ज्या वर्षातला, त्याच वर्षातलं हे निदान. नऊ वर्षं तिने त्याचा उच्चार केला नाही, हरल्यावरही नाही.

टोकियोनंतर तिने पुन्हा बस्तान हलवलं, या वेळी फ्लोरिडा विद्यापीठात अँथनी नेस्टी यांच्याकडे. या निवडीने मला फार आनंद झाला होता. नेस्टी सुरिनामचे. १९८८ मध्ये सोलला १०० मीटर बटरफ्लायमध्ये त्यांनी अमेरिकेच्या मॅट बियाँडीला ०.०१ सेकंदाने हरवलं. जलतरणात वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष. एका शतांशाचं मोल या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. त्यांच्या गटात लेडेकी बॉबी फिंकसारख्या पुरुष खेळाडूंच्या बरोबरीने सराव करू लागली. टोकियोत ८०० आणि १५०० जिंकलेला हा फिंक. रोज सकाळी आपल्यापेक्षा वेगवान कुणीतरी पुढे आहे अशा तलावात उतरायचं तिने विशीच्या मध्यात, सात ऑलिंपिक सुवर्णपदकं घरात असताना, ठरवलं. बहुतेकांना अशा वेळी आपण जिथे सगळ्यांत मोठे असू अशी जागा हवी असते.

तरीही घड्याळ हललं नाही. २०२२ मध्ये टिटमसने ४०० चा विश्वविक्रम नेला. २०२३ मध्ये फुकुओकाला लेडेकीने फेल्प्सला मागे टाकून जागतिक स्पर्धेतलं १६ वं वैयक्तिक सुवर्ण मिळवलं, पण विक्रम नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑर्लँडोत कॅनडाच्या १७ वर्षांच्या समर मॅकिन्टॉशने ८०० मध्ये तिला जवळजवळ सहा सेकंदांनी हरवलं. ८०० च्या अंतिम शर्यतीत ती २०१० नंतर पहिल्यांदाच हरली होती. त्या वेळी मलाही वाटलं, झालं. आता पॅरिस, एखादं पदक, आणि निरोप.

पॅरिसला १५०० ती १५:३०.०२ मध्ये, दहा सेकंदांच्या फरकाने जिंकली. ८०० ची अंतिम शर्यत आली ३ ऑगस्ट २०२४ रोजी, लंडनच्या त्या रात्रीला बरोबर बारा वर्षं झाली त्या दिवशी. टिटमस शेवटपर्यंत मागे लागलेली होती. ८:११.०४ विरुद्ध ८:१२.२९. एकाच शर्यतीत सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणारी ती पहिली महिला जलतरणपटू. फेल्प्सने २०० मीटर मेडलेत, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायच्या शर्यतीत, हे केलं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

आणि मग, कुणाची अपेक्षा नसताना, ऑलिंपिक संपून नऊ महिने झाल्यावर, फोर्ट लॉडरडेल. त्याच स्पर्धेत तिने १५०० मीटर १५:२४.५१ मध्ये पोहलं, २०१८ नंतरची तिची सर्वोत्तम वेळ. ४०० मीटर ३:५६.८१, रिओनंतरची सर्वोत्तम. आणि ३ मेला ८:०४.१२. जॅनेट इव्हान्सला जे सापडलं नाही ते लेडेकीला २८ व्या वर्षी सापडलं. किशोरवयातल्या स्वतःला तिने गाठलं आणि ओलांडलं. हे केवळ जिद्दीचं फळ आहे असं म्हणून मी मोकळी होणार नाही. जिद्द इव्हान्सकडेही भरपूर होती. लेडेकीला २०१८ मध्ये व्यावसायिक होता आलं, प्रायोजक मिळाले, पोहणं हाच तिचा पेशा झाला, पदवी पूर्ण करायला सवड मिळाली, हवे ते प्रशिक्षक निवडता आले. तिला नऊ वर्षं मिळाली. गूल्डला, मेयरला ती कुणी दिली नाहीत. त्या २८ व्या वर्षी किती वेगाने पोहल्या असत्या हे आता कुणालाच कळणार नाही.

त्याच उन्हाळ्यात, २ ऑगस्ट २०२५ रोजी, सिंगापूरला जागतिक स्पर्धेत ८०० ची अंतिम शर्यत झाली. मी ती जागची न हलता पाहिली. एका बाजूला लेडेकी. एका बाजूला मॅकिन्टॉश, जी लंडनच्या वेळी सहा वर्षांचीही नव्हती. आणि ऑस्ट्रेलियाची लानी पॅलिस्टर, जिची आई जनेल एल्फर्ड १९८८ मध्ये सोलला पोहली होती, इव्हान्सच्या काळात. शेवटच्या १०० मीटरपर्यंत तिघी एकमेकींच्या आवाक्यात होत्या. लेडेकी ८:०५.६२, पॅलिस्टर ८:०५.९८, मॅकिन्टॉश ८:०७.२९. रिओमध्ये लेडेकीच्या मागे अकरा सेकंद कुणी नव्हतं. सिंगापूरला तिसरी आलेली मुलगीही रिओतल्या रौप्यपदकाच्या वेळेपेक्षा जवळजवळ नऊ सेकंद वेगवान होती. लेडेकीने वेगाची जी पातळी एकटीने ठरवली होती, तिथवर या मुली पोहत पोहत येऊन पोचल्या, आणि त्या आल्या म्हणून तिलाही पुन्हा वेग सापडला, असं मला वाटतं. एकटीने पोहून ते ०.६७ सेकंद मिळाले नसते.

टिटमसने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. लेडेकीला लॉस एंजेलिसचं २०२८ चं ऑलिंपिक पोहायचं आहे. अमेरिकी फुटबॉलच्या अवाढव्य स्टेडियममध्ये तात्पुरता तलाव उभारला जाणार आहे. तेव्हा ती ३१ वर्षांची असेल. ८०० मध्ये मॅकिन्टॉश उतरली तर लेडेकी हरेल असं माझं मन सांगतं, आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही. १५०० चं मात्र वेगळं आहे. १५:२०.४८ हा आकडा २०१८ पासून हललेला नाही आणि त्याच्या जवळ दुसरं कुणी फिरकलेलंही नाही. तो कधीतरी मोडेलच. तो तिनेच मोडावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.